साताऱ्यातून, सांगलीतून घरून काम: आधी तास ठरवा, खुर्ची नंतर घ्या

पुण्यातली खोली सोडून साताऱ्याला किंवा सांगलीला परत येणारे बरेच जण एकाच क्रमाने चुकतात. आधी टेबल-खुर्ची येते, मग वायफाय, मग इन्व्हर्टर. वेळापत्रकाचं काय, तर 'बघू, बसेल हळूहळू'. ते बसत नाही. चार महिन्यांनी पाठ धरलेली असते, घरचे कुरकुरत असतात, वरिष्ठांना वाटतं माणूस जागेवर नाही, आणि महिनाअखेरीची शिल्लक पुण्यात होती तेवढीच.

म्हणून क्रम उलटा करा: तास, वीज, नेट, घरच्यांशी बोलणी आणि मग खुर्ची. पुण्याच्या घरमालकाला नोटीस देण्याआधी या सगळ्याला किमान चार आठवडे द्या.

१. पगार बाजूला ठेवा, तासाचा दर काढा

दोन आठवडे एका वहीत रोज तीन आकडे लिहा: कामाला बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, आणि कामासाठी गेलेले पण कुठेच न मोजले जाणारे तास. प्रवास, रात्री साडेदहाला 'एक मिनिट बघ ना' म्हणून उघडलेला लॅपटॉप, मीटिंग सुरू होण्याची वाट बघत बसणं, हे सगळं तिसऱ्या आकड्यात येतं. रविवारची वेळही धरा.

मग हिशेब सरळ आहे: हातात येणाऱ्या पगारातून नोकरीपायी होणारा खर्च वजा करा आणि सगळ्या तासांनी भागा. नमुन्यादाखल आकडे घेतलेत, जागी तुमचे टाका.

पुण्यात: हातात ६०,०००. खोलीचा वाटा ११,०००, मेस आणि बाहेरचं खाणं ६,५००, शहरातला प्रवास ३,०००, गावी येणं-जाणं २,५००. उरले ३७,०००. कामाचे १९५ तास आणि प्रवासाचे ३३, म्हणजे २२८. तासाला साधारण १६२ रुपये.

साताऱ्यात, कमी पगारावर: हातात ४८,०००. घरखर्चाला ८,०००, दोन इंटरनेट जोडण्या १,२००, बॅटरीची झीज महिन्याला ६००, पुणे ऑफिसच्या दोन फेऱ्या १,८००. उरले ३६,४००. कामाचे १९५ तास, फेऱ्यांचे १२, म्हणजे २०७. तासाला १७५ रुपयांच्या पुढे.

पगार बारा हजारांनी घटला तरी दर वाढला. आता याच हिशेबात रोजचा दीड तास आणखी घाला: जेवताना पाहिलेले मेसेज, रात्रीचा 'छोटासा कॉल'. महिन्याचे ३३ तास वाढून २४० झाले, दर १५२ वर आला. पुण्यापेक्षाही कमी. घरून काम करणाऱ्याची कमाई या दीड तासात गळते, आणि पगाराच्या चिठ्ठीवर ती कुठेच दिसत नाही.

नेहमीची चूक: 'घरी राहतो म्हणजे खर्च शून्य' असं धरणं. आई-वडील मागत नसले तरी घरखर्चाचा आकडा हिशेबात घालाच. तुम्ही दिवसभर घरात असलात की वीजबिलात आणि गॅसच्या टाकीत ते दिसतं.

२. वेळापत्रक: तुमच्या घड्याळाआधी समोरच्याचं घड्याळ

टीम भारतातलीच असेल तर हा टप्पा दहा मिनिटांत उरकतो. परदेशातली असेल तर कागद-पेन घ्या.

लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळी वेळेत दुपारचा दीड, हिवाळी वेळेत अडीच. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. सिडनीचे नऊ आपल्या पहाटे साडेचारला वाजतात, आणि ऑक्टोबर ते एप्रिल त्यांची उन्हाळी वेळ असते तेव्हा साडेतीनलाच.

अमेरिका घड्याळ तासाने पुढे-मागे करते मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. ब्रिटन बदलतं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मार्चच्या त्या सोमवारी अर्धी भारतीय मंडळी तासभर उशिरा कॉलवर येतात, तेव्हा चारही तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर मारून ठेवा. दोन्ही देशांशी काम असेल तर मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा तुमच्या कॉलच्या वेळांचा मेळ बदलतो, तेवढ्यापुरतं वेगळं पत्रक करा.

आता आठवड्याचा तक्ता आखा. आधी न हलणाऱ्या गोष्टी भरा: नळाला पाणी येण्याची वेळ, मुलांची शाळेची रिक्षा, आईची औषधं, आणि शेती असेल तर शेतीपंपाच्या विजेची पाळी. तासगाव, कोरेगाव, कराड भागात ज्यांचं स्वतःचं रान आहे त्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. वीज रात्रीच्या पाळीत आली की पाणी पाजायला रात्रीच जावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगला डोळे उघडत नाहीत. त्या आठवड्याची सुरुवात उशिराची ठेवा.

मग तीन रंग भरा: जोडवेळ (समोरची टीम जागी असते ते तास, कॉल फक्त यात), एकट्याचं काम, आणि बंद वेळ. ब्रिटनच्या टीमसाठी उन्हाळ्यातला एक दिवस असा बसतो: ११ ते सव्वा एक एकट्याचं काम, मग जेवण, २ ते ५ कॉल, ५ ते साडेपाच चहा आणि चालणं, साडेपाच ते ८ काम. झाले पावणेआठ तास. आठनंतर लॅपटॉप बंद.

तक्ता तयार झाला की वरिष्ठांना लेखी कळवा. चार ओळी पुरतात: मी या वेळेत हमखास असतो, या वेळेनंतर फक्त फोन, तोही काम अडलं तर, वीज किंवा नेट गेलं तर किती मिनिटांत आणि कशावरून परत येईन, आठवड्याचं झालेलं काम कोणत्या दिवशी कळवेन.

सावधान: त्या निरोपात 'मी कधीही उपलब्ध आहे' हे वाक्य घालू नका. चांगुलपणा म्हणून लिहिलेलं हे वाक्य तीन महिन्यांत नियम होऊन बसतं आणि मागे घेता येत नाही.

३. वीज: बेरीज करून मगच इन्व्हर्टर घ्या

या टप्प्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, त्यामुळे इथे थोडं थांबू.

कामाच्या खोलीचा भार मोजा. लॅपटॉप चार्जर ६५ वॅट, २४ इंची मॉनिटर २५, राउटर १२, एलईडी ट्यूब २०, साधा छताचा पंखा ७५. बेरीज १९७ वॅट. दीडशे अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते, पण इन्व्हर्टरमधली घट धरून आणि बॅटरी पूर्ण न पिळता हजाराच्या आसपास वापरायला मिळतात. म्हणजे पाच तास. साध्या पंख्याऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी (कमी विजेवर चालणारा) पंखा लावला तर भार १५२ वर येतो आणि साडेसहा तास निघतात. बॅटरी मोठी घेण्यापेक्षा पंखा बदलणं स्वस्त पडतं.

हे गणित एकट्या खोलीचं. प्रत्यक्षात त्याच इन्व्हर्टरवर हॉलचा टीव्ही, तीन पंखे आणि देवघराचा दिवा असतो, आणि वीज गेल्यावर कुणीतरी मिक्सर लावतं. पाच तासांचे दोन होतात. वायरमन बोलावून कामाच्या खोलीची तार वेगळी ओढून घ्या, किंवा घराच्या इन्व्हर्टरला हात न लावता कामाला छोटा वेगळा घ्या. दुसरा मार्ग महाग असला तरी भांडणं वाचवतो.

डेस्कटॉप वापरत असाल तर इन्व्हर्टरचं मागचं बटण 'यूपीएस' बाजूला हवं. दुसऱ्या बाजूला असेल तर वीज जाता-येताना क्षणभर जास्त लागतो आणि संगणक बंद होऊन चालू होतो. लॅपटॉपला फरक पडत नाही, राउटरला पडतो. त्यासाठी राउटरचा मिनी यूपीएस, म्हणजे राउटरपुरती छोटी बॅटरी घ्या. दोन-तीन तास निघतात. घेताना राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा वाचून घ्या. नऊ व्होल्टच्या राउटरला बारा व्होल्ट जोडले तर तो जळतो, आणि दुकानदार हमखास बाराचाच देतो.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेक वेळा अर्थिंग नाही. जुन्या पेठांमधल्या घरांत हे सर्रास आढळतं. तीन पिनांची पिन कापून दोन पिनांची करणं हा उपाय नव्हे. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

आता वळवाचा पाऊस. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे तो दुपारी चार ते सातच्या दरम्यान गडगडत येतो, म्हणजे नेमका ब्रिटनवाल्यांच्या कॉलच्या आणि अमेरिकावाल्यांच्या सुरुवातीच्या वेळी. ढग दाटले की लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर भिंतीतून काढा आणि राउटर मिनी यूपीएसवर ठेवून त्याचीही भिंतीतली पिन काढा. फायबरच्या काचेतून विजेचा झटका येत नाही, तो येतो अ‍ॅडॅप्टरमधून.

तपासा: सुट्टीच्या दिवशी भर दुपारी घराचा मेन स्विच बंद करा आणि रोजचं काम सुरू ठेवा. घड्याळ लावून दोन तास काढा. इन्व्हर्टर 'पीं' करायला लागला की थांबा. बॅटरी पार संपेपर्यंत चालवू नका, तिचं आयुष्य कमी होतं. संपत आलेली बॅटरी भरायला आठ-दहा तास लागतात, तेव्हा दिवसात दुसऱ्यांदा वीज गेली तर निम्माच वेळ मिळेल असं धरून चाला. दर दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. पिण्याचं बाटलीतलं पाणी चालत नाही.

देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार तुमच्या भागात कोणता, ते महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारून तक्त्यात लिहा. महावितरणकडे मोबाइल नंबर नोंदवलेला असेल तर बंदचे संदेश येतात. तक्रारीसाठी १९१२.

४. इंटरनेट: दोन जोडण्या, दोन वेगळे रस्ते

एकाच खांबावरून आलेल्या दोन वायरी म्हणजे दोन जोडण्या नव्हेत. खांब पडला की दोन्ही जातात. एक फायबर आणि एक मोबाइल, तोही तुमच्या रोजच्या नंबरापेक्षा वेगळ्या कंपनीचा, ही जोडी बरी.

फायबर घेताना स्थानिक केबलवाल्याला दोन प्रश्न विचारा. पहिला: घरापर्यंत फायबर येते की कोपऱ्यावरच्या पेटीपासून साधी लॅन वायर? लॅन वायर असेल तर त्या पेटीला वीज लागते, आणि तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही गल्लीची वीज गेली की नेट जातं. सलग फायबरला मध्ये वीज लागत नाही. दुसरा प्रश्न: तुमच्या ऑफिसात बॅकअप किती तासांचा आहे? उत्तर 'असतो की' असं आलं तर समजून घ्या.

जाहिरातीतल्या १०० एमबीपीएसच्या नादी लागू नका, अपलोड बघा. एका व्हिडिओ कॉलला ३ ते ४ एमबीपीएस अपलोड स्थिर मिळालं तरी पुरे. संध्याकाळी आठ ते दहा, घराघरांत सिनेमे आणि मालिका चालू असताना, सलग तीन दिवस वेग मोजा. दुपारी बाराचा आकडा काही सांगत नाही.

नेट गेलं की आधी राउटरचे दिवे वाचा. 'लॉस' लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर बहुधा फायबर तुटली आहे. राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, सरळ केबलवाल्याला फोन लावा आणि मोबाइलवर जा. 'पॉन' स्थिर आणि इंटरनेटचा दिवा बंद असेल तर बिघाड कंपनीकडे आहे. सगळे दिवे ठीक असतील तरच राउटर एकदा बंद करून चालू करा.

मोबाइलची जोडणी घरात कुठे पकडते ते आधीच शोधून ठेवा. जावळी, पाटणच्या खोऱ्यातल्या गावांत एका खिडकीत चार कांड्या आणि चार पावलांवर शून्य, असं असतं. त्या खिडकीशी एक स्टूल कायमचं ठेवा. हॉटस्पॉटवर असताना कॅमेरा बंद, फक्त आवाज. चित्रासह कॉल तासाला एक जीबीच्या आसपास खातो.

सांगलीकरांसाठी: आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी यापेक्षा बरंच वर गेलं होतं. नदीकाठच्या भागात राहत असाल तर जूनमध्येच ठरवून ठेवा: चाळिशी गाठली की सामान घेऊन कोणाकडे जायचं. मिरजेचे किंवा उंचावरचे नातेवाईक असतील तर त्यांच्याकडचं नेट एकदा वापरून बघा. इन्व्हर्टरची बॅटरी तळमजल्यावर जमिनीला टेकवून ठेवू नका. पुराच्या भागात वीज मुद्दाम बंद केली जाते, ती पाणी ओसरल्यावर लगेच येत नाही. पाचव्या दिवशी कळवण्यापेक्षा पाणी चढत असतानाच वरिष्ठांना सांगा.

५. घरच्यांशी बोलणी

'घरीच आहेस ना, जरा कुकरकडे बघ.' 'अरे, गॅसवाला आलाय, घे तेवढी टाकी.' 'दुपारी बँकेत जाऊन ये, तुझं काय, लॅपटॉप तर आहे.' यात कुणाचा दोष नाही. घरात बसलेला माणूस रिकामा असतो, हीच आजवरची समजूत आहे.

'कामाच्या वेळी मला हाक मारू नका' हे सांगून काम होत नाही. चार दिवस पाळलं जातं आणि पाचव्या दिवशी काका दारात उभे असतात. त्यापेक्षा उलटं करा: घराला ठरलेल्या वेळा द्या. उदाहरणार्थ सकाळी साडेनऊ ते साडेदहा घरची कामं, सव्वा एक ते दोन जेवण सगळ्यांबरोबर, पाच ते साडेपाच जी काही हाक असेल ती. या वेळा फ्रिजवर चिकटवा आणि स्वतः काटेकोर पाळा. पाचला तुम्ही नक्की बाहेर येता हे आईला एकदा कळलं की दुपारी तीनच्या हाका आपोआप कमी होतात.

कॉल चालू आहे हे बाहेरून कळायला हवं. दाराच्या कडीला लाल रुमाल अडकवा: रुमाल आहे तोवर आत येऊ नका, नाही तर खुशाल या. सात वर्षांच्या मुलालाही हे कळतं. फक्त कॉल संपल्यावर रुमाल काढायला विसरू नका. दिवसभर लटकणाऱ्या रुमालाकडे आठवड्यानंतर कुणी बघत नाही.

घरात दोघंही कमावते असाल तर एक गोष्ट आधी ठरवा: घरून काम करणाराच दूध, मोलकरीण, शाळेचे फोन सांभाळणार असं गृहीत धरलं जातं का? बहुतेक घरांत सुनेच्या वाट्याला हे न बोलता येतं. ज्याची जोडवेळ चालू आहे त्याला त्या वेळेत घरकाम नाही, मग तो कुणीही असो.

गावची जत्रा, लग्नसराई, गौरी-गणपती, उसाला आलेली तोड: या दिवसांत काम आणि घर दोन्ही रेटू नका. जत्रेची तारीख वर्षभर आधी माहीत असते, तिची रजा आधीच टाका. तोडीची टोळी मात्र सांगून येत नाही, म्हणून गळीत हंगाम सुरू झाला की अर्ध्या दिवसाच्या दोन-तीन रजा शिल्लक ठेवा. फडात उभं राहून फोनवर कॉल घेणाऱ्याच्या मागे कोयत्यांचा आवाज येतोच, आणि नंतर तो किस्सा ऑफिसभर फिरतो.

६. आता खुर्ची

टेबलाची उंची ७० ते ७५ सेंटिमीटर. बसल्यावर कोपर काटकोनात, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. लॅपटॉप पुस्तकांवर उचलून ठेवून वेगळा कीबोर्ड-माऊस घेतला तर हजार-दीड हजारात अर्धी मानदुखी टळते. खिडकी समोर किंवा पाठीशी नको, बाजूला हवी. पलंगावर बसून काम नको. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा.

७. रात्रपाळी असेल तर

साडेसहा ते साडेतीनची पाळी धरू. मुख्य जेवण पाळीच्या आधी, साडेपाचला. दहाच्या सुमारास हलकं काही: ताक-भात, उपमा, फळ. मध्यरात्री घरातल्या उरलेल्या भाजी-भाकरीवर ताव मारला की पित्त ठरलेलं. शेवटचा चहा रात्री दहाला. त्यानंतरचा चहा चारला झोपू देत नाही.

सव्वाचार ते सव्वाअकरा झोप, आणि ती सुट्टीच्या दिवशीही फार तर दोन तासांनी हलवा. शनिवार-रविवार दिवसाचा माणूस आणि सोमवारी पुन्हा रात्रीचा, असं केलं की अंग कुठल्याच वेळेला सरावत नाही. झोपायची खोली रस्त्याकडची नको: सहाला दूधवाला, सातला घंटागाडीचं गाणं, आठला शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या. जाड गडद पडदे आणि कापसाचे बोळे लागतातच.

उठल्यावर तासाभरात उन्हात चाला. साताऱ्यात 'चार भिंती' टेकडीचा चढ, सांगलीत आमराई किंवा कृष्णेचा घाट. अर्धा तास पुरे.

सावधान: सलग तीन आठवडे पाच तासांपेक्षा कमी झोप, छातीत जळजळ, विनाकारण चिडचिड, रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यातलं काही दिसलं तर 'सवय होईल' म्हणत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. पाळी बदलून मागायची तर तीच वेळ.

८. स्वतःची कामं घेणाऱ्यांचा दर आणि कर

इथली ठरलेली चूक: पगार होता ४५,०००, तो १६० तासांनी भागायचा आणि २८१ रुपये तास म्हणून काम घ्यायचं. यात सुट्ट्या नाहीत, आजारपण नाही, आणि काम मिळवण्यात जाणारे तास नाहीत.

असं करा. वर्षाची गरज ५,४०,०००, आरोग्य विमा २५,०००, यंत्रं-दुरुस्ती ४०,०००, एकूण ६,०५,०००. वर्षातले आठवडे ४६ धरा. आठवड्याला ४० तास बसलात तरी पैसे मिळणारे २५च धरा. झाले १,१५० तास. भागाकार ५२६, आणि कर त्यावर वेगळा. दर निम्म्यावर ठेवला की उरलेलं अंतर रात्री जागून भरावं लागतं.

कराचं थोडक्यात:

- सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी.
- राज्याचा व्यवसाय कर वर्षाला २,५००. नोकरीत तो पगारातून कापला जातो, स्वतंत्र काम करणाऱ्याने नोंदणी करून स्वतः भरायचा. हे हमखास विसरलं जातं.
- ठरावीक व्यवसायांना जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची अनुमानित पद्धत आहे. ती घेतली तर आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत. तुमचं काम त्यात बसतं का, ते सीएला विचारा.
- परदेशातून पैसे आले की बँकेकडून प्रत्येक रकमेचा दाखला घेऊन ठेवा.

नोकरदारांसाठी एकच: पुण्यातली खोली सोडली की त्या महिन्यापासून घरभाड्याची सवलत मागू नका. जुन्या मालकाच्या पावत्या पुढे रेटणं अंगाशी येतं.

आलेल्या प्रत्येक रकमेतून आधी करापुरता भाग वेगळ्या खात्यात. सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत नवीन गाडीचा विषय नको.

९. दोन आठवड्यांची तालीम आणि पुण्याच्या फेऱ्या

खोली न सोडता दोन आठवडे गावाहून काम करा, दिवाळीत नव्हे, साध्या दिवसांत. रोज तीन नोंदी: वीज किती वेळ गेली, नेट किती वेळा तुटलं, ठरलेल्या वेळेला लॅपटॉप किती वेळा बंद झाला. वेळेवर बंद झालेले दिवस दहापैकी सातपेक्षा कमी असतील तर चूक तक्त्यात आहे. परत दुसऱ्या टप्प्यावर जा.

ऑफिसला महिन्यातून दोनदा जायचं असेल तर सलग दोन दिवस जोडून जा. सातारा-पुणे ११० किलोमीटर, सांगली-पुणे २३०च्या आसपास. साताऱ्याहून सकाळी जाऊन रात्री परत येणं एखाद्या वेळी जमतं, सांगलीहून जमवू नका. ऑफिस हिंजवडी-बाणेरकडे असेल तर स्वारगेटला उतरून शहर ओलांडण्यात दीड तास घालवू नका. बाह्यवळणाने वाकडवरून जाणारी मुंबईची गाडी पकडा, फक्त बसण्याआधी कंडक्टरला विचारा, कारण सगळ्या तशा जात नाहीत. रविवारी संध्याकाळी निघू नका, खंबाटकी आणि खेड शिवापूरला अडकाल. सोमवारी पहाटे पाचची गाडी बरी, आणि सोमवारचा पहिला कॉल अकरानंतरचा ठेवा.

तीन महिन्यांनी पहिल्या टप्प्यातली वही काढा आणि तासाचा दर पुन्हा मांडा. खाली आला असेल तर कात्री या क्रमाने लावा: आधी बंद वेळेतले मेसेज, मग जोडवेळेबाहेरचे कॉल, मग पुण्याच्या फेऱ्या. तिन्ही कापूनही दर वर येत नसेल तर कामाचा बोजाच जास्त आहे. वहीतले आकडे समोर ठेवून वरिष्ठांशी बोला, आणि ते बोलणं होईपर्यंत पुण्याच्या खोलीतली कॉट आणि कपाट विकू नका.